चुलीपाशीची खेळणी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे एक गाव आहे. गावाजवळ नदीच्या कडेला काही पांढरीची टेकाडे आहेत. जेथे पीक काढायचे ती काळी आणि जेथे घरे बांधायची ती पांढरी, अशी जमिनीची वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची माती आणि चुलींची राख एकमेकींत मिसळून वस्तीची जागा पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. इनामगावची पांढरी किती जुनी असावी, याचा शोध घेण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधक १९६८ साली तेथे आले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली सुरू झालेले हे उत्खनन १९८३ सालापर्यंत चालले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे शेतकऱ्यांचे एक नांदते गाव होते, असे त्यावरून सिद्ध झाले. शंभरांहून अधिक घरांच्या जमिनी, त्यांतील चुली, धान्याची पेवे, जळून कोळसा झालेले गव्हाचे व जवाचे दाणे, रंगविलेली मडकी, असे त्या लोकांचे सारे घरगुती जग मातीतून वर आले.

या सर्व वस्तूंत एक वस्तू अशी निघाली, की तिच्यासाठीच मी हा पाठ लिहावयास घेतला. एका घराच्या जमिनीखाली मातीचे एक लांबट, झाकणाचे पात्र सापडले. त्याच्याबरोबर स्त्रियांच्या दोन लहान मूर्ती होत्या. एकीला डोके होते, दुसरीला नव्हते. शिवाय एक बैल होता. सारे काही कच्च्या मातीचे. भट्टीत भाजलेले नव्हे. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटात एक भोक होते आणि बैलाच्या पाठीवरही एक भोक होते. ही दोन भोके कशासाठी असतील? उत्तर सोपे आहे, पण ते सुचण्यासाठी लहानपणी हाताने काही जोडलेले असावे लागते. दोन्ही भोकांत एकच काडी बसवली, की मूर्ती बैलाच्या पाठीवर उभी राहते.

हे तीन हजार वर्षांहून जुने खेळणे आहे, असे तुम्हांला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु खेळणे कोणी पात्रात घालून घराच्या जमिनीखाली पुरून ठेवीत नाही. त्या काळी लहान मुले फार दगावत. मूल गेले, की दोन मडक्यांची तोंडे एकमेकांस लावून त्यांत त्याला निजवीत आणि बहुधा घरातच जमिनीखाली ठेवीत. अशी कितीतरी मडकी इनामगावात मिळाली आहेत. ज्या घरांत ही धास्ती रोजची होती, तेथे मुलाबाळांना सांभाळणारी एखादी देवता असणे स्वाभाविकच होते. म्हणून संशोधकांनी त्या मूर्तींना देवता मानले आहे. तरी माती मळणे, चिमटीने वशिंड वर काढणे, काडीने भोक पाडणे ही सारी हातची कामे देवासाठी केली काय आणि खेळासाठी केली काय, सारखीच. चला, आपण तो बैल करून पाहू.

बैलपोळ्याला किंवा बेंदराला मातीचे बैल तुमच्यापैकी पुष्कळांनी केले असतील. शेतातील काळी माती घेऊन केलेला बैल दुसऱ्या दिवशी पाहावा, तर त्याच्या अंगभर चिरा आणि चारांपैकी दोन पाय तुटून पडलेले! यात बैलाचा दोष नाही, मातीचा स्वभाव तसा आहे. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. पाणी मिळाले की ती फुगते आणि पाणी गेले की आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. जी भेग रानाला पडते तीच लहान होऊन बैलाच्या अंगावर पडते. कुंभाराला हे ठाऊक असते. तो नुसती माती वापरीत नाही. तिच्यात राख, लीद किंवा बारीक वाळू मिसळतो. हे कण पाण्याने फुगत नाहीत, त्यामुळे माती कमी आक्रसते; शिवाय आतले पाणी बाहेर पडण्यास त्यांच्यामधून वाट मिळते. तुम्ही चार वाट्या मातीला एक वाटी चाळलेली राख किंवा वाळू घालून पाहा. एक बैल नुसत्या मातीचा करा, दुसरा राख घातलेल्या मातीचा करा आणि दोन्ही शेजारी शेजारी वाळवा.

पाय मात्र तरीही तुटू शकतात. पाय बारीक असल्यामुळे लवकर वाळतात आणि लवकर आक्रसतात. पोट जाड असल्यामुळे ओलेच राहते. एक भाग आखडू लागला आणि त्याला चिकटलेला दुसरा अजून ढिम्म आहे, अशा वेळी सांधा निखळणारच. म्हणून बैल उन्हात ठेवू नये. सावलीत ठेवावा आणि पहिला दिवस त्याच्या पायांवर ओले फडके गुंडाळावे, म्हणजे पाय पोटाची वाट पाहतील. पाय जोडताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावला, तर सांधा अधिक पक्का होतो.

मी तुमच्याएवढा असताना असा एक बैल चांगला जमला होता. तो पक्का व्हावा म्हणून मी घरात कोणाला न सांगता चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवला. बैल वरून वाळला होता, पण त्याच्या पोटात ओल होती. थोड्याच वेळात फटाक्यासारखा आवाज झाला, निखारे बाहेर उडाले आणि बैलाचे तुकडे भाकरीच्या पिठात जाऊन पडले. त्या दिवशी मला जे बोलणे खावे लागले ते येथे सांगत नाही. कारण तेवढे सांगतो. पाण्याची वाफ झाली, की तिला मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. पोटातल्या चमचाभर ओलीला एकाएकी घागरीएवढी जागा हवी होती. ती न मिळाल्याने तिने बैल फोडला. पोळी तव्यावर फुगते तीही या वाफेनेच. पण पोळी लवचीक असते, म्हणून फुगून राहते. तेव्हा बैल भाजावयाचा असेल, तर तो आठ-दहा दिवस वाळू द्यावा आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, मोकळ्या अंगणात, गोवऱ्यांच्या आगीत हळूहळू तापवावा.

भाजल्यावर काय बदलते, हे पाहण्यास पाण्याची एक बादली पुरे. एक कच्चा बैल आणि एक भाजलेला बैल तिच्यात सोडा. थोड्या वेळाने कच्च्या बैलाचा गाळ होईल, भाजलेला तसाच राहील. वाळलेल्या मातीतून फक्त मोकळे पाणी गेलेले असते. ते परत दिले, की पुन्हा चिखल होतो. लालबुंद आगीत मात्र मातीच्या कणांच्या घडणीतच अडकलेले पाणी निघून जाते आणि कण एकमेकांना धरून बसतात. मग पाणी त्यांना सुटे करू शकत नाही. इनामगावचे लोक मडकी भाजीत. त्यांची भट्टीही उत्खननात सापडली आहे. म्हणजे भाजण्याची विद्या त्यांना चांगली अवगत होती, तरी ती मूर्ती आणि तो बैल त्यांनी कच्चाच ठेवला. एक पावसाळा अंगावर घेता तर त्याचा चिखल झाला असता. जमिनीखाली, पात्राच्या सोबतीने राहिला म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

बैल झाला, आता त्याला गाडी हवी. इनामगावच्या एका मडक्यावर बैलगाडीचे चित्र ओरखडून काढलेले मिळाले आहे, तेव्हा गाडीही त्या गावाला परकी नव्हती. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझचा एक रथ, एक गेंडा, एक हत्ती आणि एक रेडा अशा चार वस्तू मिळाल्या. रथाला दोन बैल जोडलेले आहेत आणि हाकणारा माणूस उभा आहे. पण या चार वस्तूंचे वजन मिळून साठ किलोहून अधिक भरते. ती मुलांची खेळणी नव्हेत हे उघड आहे. आपली गाडी जोंधळ्याच्या ताटाची करू. वाळलेल्या ताटाची कडक साल सोलून काढली, की आत पांढरा, हलका गाभा मिळतो. त्याला भेंड म्हणतात. भेंडाच्या तुकड्यांत सालीच्या काड्या टोचल्या, की खिळ्यावाचून, डिंकावाचून गाडीचा सांगाडा उभा राहतो. शिरूरकडच्या मुलांना हे सांगावयास नको. ज्यांच्याकडे जोंधळा नाही, त्यांनी हिरव्या वाटाण्यांत दात कोरण्याच्या काड्या टोचाव्या.

चाकांसाठी गाजराच्या जाड चकत्या चालतील. चकतीचा मध्य डोळ्यांनी ठरवू नका. चाक लंगडे चालेल. चकती कागदावर ठेवून तिच्याभोवती रेघ ओढा, तो गोल कापा आणि दोनदा घडी घाला. घड्या जेथे एकमेकींना छेदतात, तोच मध्य. तेथून खराट्याची काडी आरपार घातली, की आस झाला. चाक आणि आस यांच्यामध्ये खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा. गाडीवान आसाला वंगण घालतो ते याचसाठी. तेल मध्ये आले, की दोन पृष्ठभाग एकमेकांना घासत नाहीत, तेलावरून सरकतात. गाजराची चाके दुसऱ्या दिवशी सुकून वेडीवाकडी होतील, तेव्हा गाडी केली त्याच दिवशी हाकून घ्यावी.

गाडी हाकताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. तिचा चौकोनी सांगाडा एका बाजूला कलंडतो. काड्या मोडत नाहीत, सांधे सुटत नाहीत, पण चौकोन तिरका होऊन पार आडवा होतो. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी काडी बसवा. सांगाडा जागच्या जागी घट्ट राहील. एका चौकोनाचे आता दोन त्रिकोण झाले आहेत, आणि त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली, की त्याचे कोन बदलूच शकत नाहीत. रेल्वेच्या लोखंडी पुलांत आणि कौलारू घराच्या कैच्यांत तुम्हांला हेच त्रिकोण दिसतील.

ही गोष्ट आगपेटीतल्या काड्यांनी हजारो मुलांना शिकवणारे एक गृहस्थ पुण्यात होऊन गेले नाहीत, तर आपल्याच काळातले आहेत. श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली इंजिनियर झाले आणि पुण्यात टेल्को कारखान्यात काम करू लागले. १९७८ साली त्यांनी रजा घेतली आणि ते मध्यप्रदेशातील त्या वेळच्या होशंगाबाद जिल्ह्यात, आजच्या नर्मदापुरममध्ये, खेड्यांतील शाळांना विज्ञान शिकवण्याच्या एका उपक्रमात गेले. तेथील आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंत ते खेळणी शोधू लागले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्यांना सापडली. तिचे लहान तुकडे कापून त्यांत दोन्ही बाजूंनी आगकाड्या खुपसल्या, की वळणारा सांधा तयार होतो. अशा सांध्यांनी चौकोन केला तर तो लोळण घेतो, त्रिकोण केला तर ताठ राहतो. ट्रकच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला सायकलच्या नळीत हा पाठ सापडावा, याचे मला फार कौतुक वाटते. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका निघाली, तेथे त्यांनी अनेक वर्षे मुलांबरोबर टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही आगकाड्या वापराल, तेव्हा गूल आधी वडीलमाणसाकडून काढून घ्या.

गाडीनंतर होडी. इनामगावच्या एका मडक्यावर लांब वल्ह्यांची होडीही रंगवलेली आहे. आपल्या होडीला वल्हे लागणार नाही, तिला देव्हाऱ्यातला कापूर लागेल. जाड कागदाची बोटभर लांब होडी कापा. पुढे टोक ठेवा आणि मागे एक लहान खाच पाडा. परातीत स्वच्छ पाणी घ्या, खाचेत कापराचा एक कण बसवा आणि होडी अलगद पाण्यावर ठेवा. ती कोणी न ढकलता पुढे जाऊ लागेल.

न गेली तर? पहिल्या खेपेस ती बहुधा जाणार नाही. परात आदल्या दिवशी कणीक मळण्यासाठी वापरलेली असते, तिला तेलाचा हात लागलेला असतो. आपली बोटेही तेलकट असतात. परात राखेने किंवा साबणाने घासून, पुष्कळ पाण्याने खळखळून धुवा आणि पुन्हा पाहा. यातच या खेळाचे मर्म आहे. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ कातड्यासारखा वागतो. तो होडीला चहूकडून सारखाच ओढीत असतो, म्हणून होडी जागेवर राहते. होडीच्या मागे कापूर पाण्यावर पसरतो आणि तेथला ताण सैल होतो. मागची ओढ कमी झाली, पुढची होती तेवढीच राहिली. होडी पुढे जाते. रस्सीखेचीत एका बाजूच्या गड्यांनी दोर सैल सोडावा, तसेच हे. परातीत आधीच तेल असले, तर सगळीकडचा ताण सैल झालेला असतो आणि कापराला करण्यासारखे काही उरत नाही.

आता कापराच्या ऐवजी साबणाचा कण लावून पाहा. होडी एकदाच झपाट्याने सुटेल आणि थांबेल. मग कितीही साबण लावा, ती हलणार नाही. कापूर मात्र तिला बराच वेळ फिरवील. असे का? डबा उघडा राहिला, तर कापूर उडून जातो, हे तुम्ही पाहिलेच आहे. पाण्यावर पसरलेला कापूरही तसाच हवेत उडून जातो आणि मागचे पाणी पुन्हा ताणले जाते. साबण उडत नाही, तो पाण्यातच राहतो.

शेवटी एक बाहुली. इनामगावात चुना भाजणाऱ्या कारागिराचीही खूण सापडली आहे. आपल्याला पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना पुरेल. पांढऱ्या कागदावर हळदीचे पाणी लावून तो वाळवा आणि त्यावर बाहुलीचे तोंड काढा. कापसाचा बोळा चुन्याच्या निवळीत बुडवून तिच्या गालांना टेकवा. बाहुली लाजून लाल होते! लिंबाचा रस लावला, की पुन्हा पिवळी. हळदीतल्या रंगाचा हा गुण आहे. चुना, सोडा, साबण यांसारख्या क्षारांशी गाठ पडली, की तो लाल होतो आणि आंबट पदार्थाने परत येतो. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे आता तुम्ही आईला सांगू शकाल. हळदीपासून कुंकू करतात तेही याच युक्तीने. चुना डोळ्यांजवळ नेऊ नका आणि हात धुतल्यावाचून जेवावयास बसू नका.

बैल एव्हाना वाळला असेल. त्याच्या पाठीवर भोक पाडायचे राहिले असेल, तर आता उशीर झाला आहे. वाळलेल्या मातीत काडी घुसवली, तर बैल दुभंगेल. भोक माती ओली असतानाच पाडावे लागते. पण तेव्हा काडी तशीच आत ठेवूनही चालत नाही. माती वाळताना आक्रसते, काडी आक्रसत नाही, आणि पाठीवर चीर जाते. म्हणून काडी थोडी फिरवून वेळीच बाहेर काढून घ्यावी आणि बैल पुरता वाळल्यावर तिच्याहून किंचित बारीक अशी दुसरी काडी बसवावी. इनामगावच्या बैलाची काडी मातीत कुजून गेली, भोक राहिले. ज्याने किंवा जिने ते पाडले, त्या माणसाने ओल्या मातीतून आपली काडी कोणत्या क्षणी बाहेर काढली असेल, ते तुम्ही तुमचा दुसरा किंवा तिसरा बैल करताना तुमच्याच बोटांना कळेल.